परत येणारा नारळ

"जाऊ दे गं बाय. त्याला काय कळतंय?"

काशिरामकाका असं म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. आम्ही त्याच्या होडीपाशी उभे होतो. ओहोटी होती. होडी चिखलात कुशीवर पडलेली आणि तिच्या एका अंगाच्या फळ्या पार आत गेलेल्या. हे काम माझ्या भावाचं, विठूचं. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्याला हाताला धरून बंदरावर घेऊन आले होते ती काशिरामकाकाच्या शिव्या खायला. आणि हा माणूस शिवी द्यायला तयार नाही.

"काका, तू त्याला बोल," मी म्हटलं. "तुझी होडी त्यानं फोडली हाय. समोर उभा हाय तो."

"बोलून काय त्याची अक्कल वाढणार हाय?" काका विठूकडे बघून हसला, अंगणात घाण केलेल्या तान्ह्या पोराकडे बघून हसतात तसा. "जा विठू, घरी जा. चाय पी."

विठू चाळिशीला टेकलेला माणूस. दाढी पिकायला लागलेली. तो तिथेच उभा राहिला, बोटांनी सदऱ्याचं बटण फिरवत. त्यालाही ठाऊक होतं की आता काहीतरी बोललं जायला हवं. ते काही बोललं जाईना म्हणून तो आणखी घाबरला.

विठू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बोलतो सावकाश, हिशेब येत नाही, शाळा दुसरीतच सुटली. डॉक्टरांनी आईला तेव्हाच सांगितलं होतं की याची वाढ अशीच राहणार. तो काही देवमाणूसबिवमाणूस नाही, अशा मुलांबद्दल लोक बोलतात तसा. खोटं बोलतो, चहाच्या बाबतीत तर हमखास. रागावला की दोन दिवस जेवत नाही आणि तिसऱ्या दिवशी चोरून भात खातो. पण मिसरूड फुटल्यापासून तो आमच्या पाड्याच्या बंदरावर राबतोय. बंदर म्हणजे पनवेलच्या खाडीच्या काठचा एक दगडी उतार आणि चार खुंटे. तिथे आलेली होडी बांधायची, पाणी उपसायचं, मासळीच्या पाट्या वर रस्त्यावर टेम्पोपर्यंत न्यायच्या. हेच त्याचं जग.

होडी फुटली त्या रविवारी काकाने त्याला ती बांधायला सांगितलं आणि स्वतः घरी गेला. विठूने बांधली नाही. का नाही बांधली? तर पाड्याच्या मैदानात टेनिस बॉलची फायनल चालू झाली होती, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री ऐकू येत होती, आणि हा पळाला. मला त्याने सरळ सांगितलं, "मी बांधली नाय. मॅच चालू झालेली." त्याला कळत होतं. शंभर टक्के कळत होतं. आमच्या पाड्यातल्या निम्म्या बाप्यांनी मॅचपायी कामं टाकलीयत. तशीच त्याने टाकली. होडी ओहोटीबरोबर गेली आणि पुलाच्या खांबावर आपटली.

यात न कळण्यासारखं काय आहे? हा आळस आहे. आळसाला आळस म्हणा.

पण नाही. काकाने माफ केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला काम देणं बंद केलं. बाकीच्यांनीही. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. "आज नको विठू, उद्या ये." विठू दर भरतीला जायचा, खुंट्याजवळ बसायचा, आणि परत यायचा. असे आठवडे गेले. घरी येऊन मला विचारायचा, "नीते, उद्या म्हंजे कदी?" मी काय सांगणार? माफीसारखी माफी आणि वर हाकलून दिलेलं. शिव्या दिल्या असत्या तर निदान वाद मिटला असता.

आता मिटायचं म्हणजे कसं, ते सांगायला हवं. आमच्या पाड्यात होळीची एक रीत आहे. होळी पेटली की बायका हावलूबायची, म्हणजे होळीमातेची, गाणी म्हणतात, आणि मग बाप्यांची बोंब सुरू होते. वर्षभरात ज्याने जो गुन्हा केला, त्याचं नाव घेऊन त्या गुन्ह्याची बोंब मारायची. कोणी दुसऱ्याचं जाळं कापलं, कोणी दारू पिऊन देवळात झोपला, कोणी बहिणीला माहेरी येऊ दिलं नाही. ज्याचं नाव आलं त्याने राग धरायचा नाही. नारळ घेऊन पुढे यायचं, होळीत टाकायचा, हात जोडायचे. झालं. ती गोष्ट नारळासकट जळाली. दुसऱ्या दिवसापासून कोणी ती उकरून काढायची नाही आणि त्या माणसाशी पहिल्यासारखं वागायचं. मात्र जी बोंब मारली तीच गोष्ट जळते. जिची मारली नाही ती तशीच उघडी राहते.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाप्या होळीला नारळ घेऊन जातो. आपलं नाव येईल न येईल, नारळ काखेत असतो. विठूही नेतो. पंधरा वर्षांचा असल्यापासून. दर वर्षी तो पुढच्या रांगेत उभा राहतो, आणि दर वर्षी नारळ घेऊन परत येतो. त्याच्या नावाची बोंब कोण मारणार? त्याला काय कळतंय?

आई धुळवडीच्या सकाळी तोच नारळ फोडते आणि कालवणात वाटून घालते. आमच्या घरी धुळवडीचं कालवण म्हणजे विठूच्या परत आलेल्या नारळाचं, हे ठरलेलंच.

बरं, बोंब नाही म्हणजे नाव नाही असं कुठे आहे? विठूचं नाव पाड्यात दिवसभर चालू असतं. कोणाचा कॅच सुटला, "अरे विठू झाला काय तू." कोणी रिक्षा उलटी घातली, "विठूच हाय नुसता." पोरं बोलतात, पोरांचे बाप बोलतात. त्याच्यासमोर बोलतात. पूर्वी तो हाक मारली असं समजून वळून बघायचा. हल्ली बघत नाही. त्याच्याच नावाची शिवी झाली आणि त्याच्या हातून काही चूक झाली की मात्र ती चूकही त्याची नाही. मग त्याचं आहे काय?

पनवेलचे शिकलेले लोक वेगळे असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या दवाखान्यात येऊन बसावं. मी एसटी स्टँडच्या मागे एका दाताच्या डॉक्टरांकडे काउंटर सांभाळते. लग्न करून कामोठ्याला गेले होते, चार वर्षांनी परत आले, ती गोष्ट वेगळी. डॉक्टर सत्यजीत माणूस वाईट नाही. पण होळीला थोडे दिवस असताना लॅबवाल्याने एका पेशंटची कॅप मोठी पाठवली, तर फोनवर ओरडले, "मतिमंद आहात का तुम्ही लोक?"

मी म्हटलं, "सर, त्याने माप चुकवलं, तेवढंच बोला ना. मतिमंद माझा भाऊ आहे. त्याने कॅप बनवली नाही."

त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "अगं नीता, तू पर्सनली नको घेऊस. बोलायची पद्धत असते. तुझ्या भावाला कोण काय बोललंय?"

खरंच, कोणी काही बोललं नव्हतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी रिक्षात घरी, करंजाड्याला येईपर्यंत दात खात बसले. उत्तर न सुचल्याचा राग वेगळाच असतो, तो दुसऱ्यावर काढताही येत नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं, या होळीला विठूच्या नावाची बोंब व्हायलाच हवी. होडीची. म्हणजे तो नारळ टाकेल आणि धुळवडीनंतर त्याला कामावर घ्यावं लागेल. रीत आहे, कोणाला नाही म्हणता येणार नाही.

आईला आधी सांगितलं. तिने हातातला मासा तसाच ठेवला.

"नको नीते. हसतील त्याला. एवडी वर्सं झाकून ठेवला मी त्याला."

"झाकून काय झालं, आये? काम गेलं ना त्याचं?"

आईने मासा उचलला. परत खवलं काढायला लागली, जरा जोरातच.

मग काशिरामकाकाकडे गेले. तो तर हातच जोडायला लागला. "बाय, गाव माझ्या तोंडात शेण घालंल. येड्यावर बोंब मारली म्हनतील."

"आनि काम नाय दिलंस ते?"

"ते दयेनं. परत कुटं लागलं-बिगलं त्याला तं?"

"लागलंय काय आजपर्यंत त्याला? होडीला लागलं. तू चिडला हायस ना त्याच्यावर? खरं सांग."

काकाने बराच वेळ डोकं खाजवलं. "चिडलो हाय," तो म्हणाला. "पन येड्यावर चिडून कसं चालंल?"

हे असं. मी उठून आले.

होळीच्या संध्याकाळी दिवेलागणीला सगळा पाडा मैदानात जमला. दोन हजार तेराचं साल. खाडीपलीकडे टॉवरचे दिवे लागलेले, आणि बंदराच्या बाजूला मातीचा हा एवढा ढीग. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी तीच गोष्ट होती. बंदराशेजारी भराव चालू झाला होता. कोण्या बिल्डरला रस्ता हवा होता, आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष जीवन पाड्याच्या वतीने परस्पर होकार देऊन आला होता. अजून एक पावसाळा, की होडी लावायला जागा उरणार नव्हती.

हा जीवन महिनाभर घरोघर फिरून काय सांगत होता? "मना काय कळलं नाय. सायेब विंग्रजीत बोलत व्हते. मी येड्यासारकी मान हालवली. विठूच झालो मी." आणि लोक हसून चहा पाजत होते. भरावाची माती ज्या डंपरमधून येते ते दोन्ही डंपर जीवनचे. पुढे काचेवर मोठ्या अक्षरांत 'मोनाली' लिहिलेलं आहे, त्याच्या मुलीचं नाव. दिवसातून कितीदा तरी ते आमच्या दारावरून जातात. हे लपून नव्हतंच. सगळ्यांना दिसत होतं. पण लबाड म्हणायला छाती लागते. येडा म्हणायला काही लागत नाही.

गाणी झाली. बोंब सुरू झाली. बोंबेचा मान विनायकचा, त्याचा आवाज खणखणीत. दोन-तीन किरकोळ नावं झाली, नारळ पडले, हसणं झालं. विठू नेहमीसारखा पुढे होता, नारळ छातीशी धरून. मग विनायकने हात वर केला.

"जीवन विठू झाला रे, खाडी देऊन आला रे."

सगळ्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. आणि विठू पुढे गेला.

त्याचं नाव आलं होतं ना. पंचवीस वर्षं वाट बघितल्यावर नाव आलं. तो होळीपाशी जाऊन उभा राहिला, नारळ कपाळाला लावला, आणि हसला. क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग सगळं मैदान खो-खो हसायला लागलं.

"तू नाय रे," विनायक म्हणाला. "जीवन. तू मागं सर."

जीवन आला पुढे, स्वतःचा नारळ घेऊन, हसतच. विठूच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आपुन दोगं सारकेच विठू. न्हाय काय?"

विठूचं हसू कुठे ठेवायचं ते त्याला समजेना. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. मी ते बघितलं आणि मला पुढचं काही दिसेनासं झालं. आमच्यात बायका बोंबेत बोलत नाहीत. मी बायकांच्या रांगेतून कशी निघाले ते मला आठवत नाही.

"नारळ टाकू नको, जीवन," मी म्हटलं. "ही बोंब चुकीची हाय."

"नीते, मागं हो," कोणीतरी म्हणालं.

"नाय होत. जीवन येडा हाय? दोन डंपर येड्याचे असतात? खाडी भरतेय कोन, माती कोनाची, भाडं कोनाला जातंय, तुमाला ठावं हाय. आनि बोंब कसली मारता, तं येडेपनाची. म्हंजे तो येडेपनाचा नारळ टाकनार, येडेपना जळनार, आनि उद्यापासून बंदराचं कोनी बोलायचं नाय. सोडवताय तुमी त्याला. लबाड म्हना. पाडा विकला म्हना. ते म्हनायला तोंड उचलत नाय म्हनून माझ्या भावाचं नाव वापरताय? विठूनं कदी खाडी विकली?"

जीवनचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"डोकं ठिकानावर हाय का तुझं? येडी झालीस तू," तो म्हणाला. "सगळं घरच तसं."

"परत तेच," मी म्हटलं. "माझ्या डोक्याचं राहू दे. मी खोटं काय बोलले, तेवडं सांग."

त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. दवाखान्यात जे सुचलं नव्हतं ते इथे निघालं, आणि निघाल्यावर वाटलं, एवढंच तर होतं.

मी विनायककडे बघितलं. "मार आता खरी बोंब."

विनायकने मान खाली घातली. त्याचा भाऊ जीवनच्या डंपरवर ड्रायव्हर आहे. एकाही बाप्याचा हात तोंडाकडे गेला नाही. मेले सगळे. इतका वेळ येडा, येडा करून घसा फोडत होते, आणि लबाड हा शब्द आला तर वाचा गेली. मी थुंकले तिथेच मातीत. जीवन आपला नारळ काखेत मारून निघून गेला. त्याचा नारळ जळला नाही, एवढंच काय ते माझ्या पदरात पडलं.

विठू अजून होळीपाशीच होता. मी त्याचा हात धरला, म्हटलं, "चल घरी." तो हलेना. आणि तेव्हा मागून कोणीतरी खाकरलं.

काशिरामकाका. लुंगी सावरत पुढे आला. माझ्याकडे बघितलं नाही, विठूकडे बघितलं. मग त्याचा आवाज आला, घोगरा, म्हातारा, पण बोंबेचा.

"विठूनं माझी होडी बांदली नाय रे. मॅच बघाया पळाला रे. माझ्या होडीच्या फळ्या फोडल्या रे."

आणि स्वतःच तोंडावर हात मारला. एकट्याची बोंब फार वाईट ऐकू येते. मला वाटलं, आता हसतील. आईने पदर तोंडात धरला होता. पण कोणी हसलं नाही. विनायकने मान वर केली आणि हात तोंडाशी नेला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

विठू हसत नव्हता. त्याचा चेहरा पडला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा साऱ्या पाड्यासमोर त्याला कोणीतरी बोललं होतं, त्याच्या कामाबद्दल, त्याच्या नावाने. लागलं त्याला. लागणारच. मलाही लागलं.

"मी बांदाया पायजे व्हती," तो काकाला म्हणाला. "मना ठावं व्हतं."

"मंग का नाय बांदली?"

"चुरशीनं खेळत व्हते. लास्ट ओवर व्हती."

काकाच्या तोंडून हं असं काहीतरी निघालं. विठूने नारळ होळीत टाकला, हात जोडले, आणि आगीकडे बघत राहिला तो जळेपर्यंत.

धुळवडीच्या सकाळी दारात हाक आली. "विठू. ए विठू. झोपलास काय, मुडद्या? फळ्या ठोकायच्या हायत, धराया कोन तुझा बापूस येनार?"

विठू अर्धा चहा टाकून पळाला. चहा टाकून. हे आमच्या घरात पूर्वी कधी झालेलं नाही.

आईने सवयीने विळी काढली, शेजारी कोयता ठेवला, पाटावर बसली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

"नारळ कुटं हाय गं?"

"जळला, आये."

तिने विळी उचलून परत फळीवर ठेवली. "बिननारळाचंच करते मंग," म्हणाली आणि चुलीकडे वळली. बाहेरून डंपर गेला, धुळवड असूनही. भांडी थरथरली. तो लांब गेल्यावर बंदराकडून हातोड्याचा आवाज यायला लागला, आणि मध्येच काकाचं ओरडणं. सरळ धर. सरळ म्हनलं ना. काय लक्ष कुटं हाय तुझं.

आईने चुलीत फुंकर मारायची थांबवली आणि कान दिला.

"बोलतोय त्याला," ती म्हणाली.